झाकण कुणी ठेवलं?

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या आवारामध्ये जांभ्याचा गडगा आहे. उंची बेताची, कोपर टेकून उभं राहिलं की पाठ दुखत नाही आणि पलीकडच्या ओटीवर कोण आलंय तेही दिसतं. वरचा एक चिरा चांगला गुळगुळीत झालाय. आमचे हे म्हणतात, पावसाने झिजला. मला माहीत आहे, तो काकूंच्या कोपराने झिजलाय.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले, तर काकू आधीच हजर. पावट्याच्या शेंगांची सुपली गडग्यावर आणि सोलणं सुरू.

"काय गो, काल कोपऱ्यावरच्या वहिनींकडचं ते खाल्लंस?"

"कुठलं, काकू?"

"ते काळं, गोल. तिळगुळाबरोबर हातावर ठेवलेलं. मला वाटलं वैद्यबुवांकडची पाचक गोळी. तोंडात टाकली तर विरघळलीच आणि आतून आंबट निघाली."

"ट्रफल म्हणतात त्याला. स्ट्रॉबेरीचं होतं."

"ट्रफल म्हणजे?"

"फ्रान्समध्ये जमिनीखाली एक अळंबी उगवते, फार महाग. तिचं नाव ट्रफल. हे चॉकलेटचे गोळे कोकोच्या भुकटीत लोळवले की मातीतून नुकत्या उकरून काढलेल्या त्या अळंबीसारखे दिसतात, म्हणून तेच नाव पडलं."

"म्हणजे अळंबी! मग सरळ अळंबी म्हणावं की. आमच्याकडे पावसात वारुळावर येते ती काय कमी महाग आहे?" काकूंनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "पण मला सांग, ते घरचे होते? डबा पाहिलास ना, सोनेरी? मला नाही वाटत तिने केलेत. तालुक्याहून आणले असतील, नाहीतर लेकीने मुंबईहून पाठवले असतील."

"घरचेच होते. एक गोळा दुसऱ्यासारखा नव्हता. विकतचे सगळे जुळे असतात."

हे काकूंना पटलं. पटलं की त्या बोलत नाहीत, शेंग जरा जोरात मोडतात.

मग मी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका, पण मागच्या आठवड्यात मीही करून बघितले."

"बघितलेस? आमच्यापर्यंत तर काही आलं नाही!"

"येण्यासारखं काही उरलंच नाही, काकू."

आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. पातेल्यात पाणी गरम केलं, त्यावर काचेचं वाडगं ठेवलं, वाडग्यात २०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे. छान विरघळायला लागलं होतं. तेवढ्यात दारावर दूधवाला आला. जाता जाता माझा हात आपसूक ताटलीकडे गेला आणि मी वाडग्यावर झाकण ठेवून गेले. भाजीला वाफ आणायची सवय, दुसरं काय! परत येऊन झाकण उचललं, तर त्याच्या पोटाला लागलेले वाफेचे थेंब टपटप वाडग्यात पडले. ढवळायला गेले तर मऊ रेशमासारखं चॉकलेट बघता बघता आळलं. नाचणीची उकड गुठळ्या होऊन बसते ना, तसा रवाळ, रुसलेला गोळा. घाबरून आणखी तापवलं, तर कडेला तूप सुटलं.

काकू खुदकन हसल्या. "तूप सुटलं की आम्ही शिरा झाला म्हणतो. तुझ्या चॉकलेटचं सगळं उलटंच."

"उलटंच तर! विरघळलेल्या चॉकलेटमध्ये कोकोच्या तुपात साखरेचे आणि कोकोचे बारीक कण तरंगत असतात. पाण्याचे चार थेंब पडले की ते कण ओले होतात आणि एकमेकांना धरून बसतात."

"साखरेच्या डब्यात ओला चमचा घातल्यावर खडे होतात, तसंच की."

पंचाहत्तरीच्या या बाईने आयुष्यात चॉकलेट केलेलं नाही, आणि मला जे समजायला २०० ग्रॅम चॉकलेट खर्ची घालावं लागलं, ते तिला गडग्यावर बसल्या बसल्या समजलं.

"मग टाकून दिलंस?"

"दिलं."

"टाकायचं नव्हतंस. थोड्या ओलीने बिघडलं, तर जास्त ओलीने सुधारलं असतं. पाक कडक झाला की आपण पाणी घालून मोडतोच ना?"

हे मात्र अगदी खरं निघालं. आळलेल्या चॉकलेटमध्ये गरम दूध किंवा क्रीम एकेक चमचा घालत ढवळत राहिलं, की ते पुन्हा सैल आणि चकचकीत होतं. वड्या पाडण्याच्या कामाचं ते राहत नाही, पण ट्रफलला तसंही क्रीम घालायचंच असतं. म्हणजे मी जे मागच्या अंगणात केळीच्या बुंध्याशी पुरून आले, ते ट्रफलच्या निम्म्या वाटेवर पोचलेलं होतं!

"आणि फळ कधी घातलंस?"

"घालायची वेळच आली नाही. पाव किलो स्ट्रॉबेरी मिक्सरमधून काढून ठेवली होती, तशीच ओतणार होते."

"तशीच? कच्ची?" काकूंनी शेंगा खाली ठेवल्या. "अगो, म्हणजे झाकणाने बिघडलं नसतं तर स्ट्रॉबेरीने बिघडलं असतं. नुसतं पाणीच ना ते फळ!"

काकू चुकत नाहीत. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत ९० ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. आंब्यातही ८० ग्रॅमच्या वर. इतकं पाणी चॉकलेटमध्ये ओतलं, तर गोळा वळायची गोष्टच नको, पोळीला लावून खायचं. आणि एवढं करून फळाची चव लागेल तर शपथ. कोकोच्या कडवटपणापुढे पाणचट रस कुठे टिकतो?

"आम्ही आंब्याची साठं कशाला घालायचो? ताटाला तुपाचा हात लावून, रस पसरून, आठ-आठ दिवस उन्हात, कावळ्यांना हाकत? पाणी काढायला. पाणी गेलं की चव राहते नि टिकतंही. फणसपोळी तेच, आमसूल तेच, आटवलेला रस तेच. तुमच्या चॉकलेटात फळ घालायचं, तर आधी ते आटवून घाला. त्यात नवीन काय आहे?"

मी कपड्यांची बादली खाली ठेवली. ओले कपडे थांबू शकतात. अशी माणसं रोज बोलत नाहीत.

"मग काकू, आंब्याचं केलं तर?"

"कधी करणार? मे महिन्यात?"

इथे खरी मेख आहे. कोकोचं तूप साधारण ३४ अंशाला वितळतं. म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं, कारण आपलं अंग त्याहून गरम. पण मे महिन्यात आमचं स्वयंपाकघरही जवळपास तेवढंच तापलेलं असतं. तेव्हा हापूस दारात आणि चॉकलेट ताटलीत पसरलेलं. जानेवारीत चॉकलेट कसं ठणठणीत उभं राहतं, पण झाडावर फक्त मोहोर. स्ट्रॉबेरीचं बरं आहे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी थंडीतच येते, तिची आणि चॉकलेटची पत्रिका जुळते. हापूसची मुळीच जुळत नाही.

"जुळवायची," काकू म्हणाल्या. "मेमध्ये रस आटवून ठेवायचा, जानेवारीत वापरायचा. थांब जरा." आत जाऊन त्या एक बरणी घेऊन आल्या. गेल्या वर्षीचा आटवलेला रस, गडद केशरी, चमचा उभा राहील इतका घट्ट. "हा घे. पण जपून. लेकीसाठी ठेवलाय."

"आणि कोकमाचं होईल का हो? आगळ घालून?"

"होईल की. पण तापवू नको हं. सोलकढी कधी उकळतेस का?"

"छे! फाटेल ना."

"मग हेही फाटेल. क्रीम काय नि नारळाचा रस काय, आंबट घालून उकळी आणलीस की चोथापाणी. गॅस बंद कर, कोमट होऊ दे, शेवटी दोन चमचे आगळ. त्यात मीठ असतंच, वेगळं घालू नको."

मी त्यांना अननसाचंही सांगितलं, कारण मलाही थोडंफार येतं हे दाखवायला हवं होतं. कच्चा अननस दुधात किंवा क्रीममध्ये घातला, की त्यातला एक पाचक रस दुधातली प्रथिनं मोडतो आणि सगळं कडू होतं. अननस आधी शिजवून घेतला की तो रस निकामी होतो. काकू म्हणाल्या, "म्हणूनच त्या अमक्यांच्या लग्नातलं फ्रूटसॅलड कडू झालं होतं! तीस वर्षं मी आचाऱ्याला दोष देत होते. दोष त्याचाच, पण कारण आज कळलं."

शनिवारी आम्ही दोघींनी मिळून केलं, माझ्या ओट्यावर. काकूंची पहिली आज्ञा: घरातली सगळी झाकणं जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेव.

चॉकलेट घेताना वेष्टन मी नीट वाचलं. कंपाउंड म्हणून लाद्या मिळतात त्या स्वस्त असतात, पण त्यांत कोकोच्या तुपाऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. मोल्डमधल्या चॉकलेटांना ते सोयीचं, उन्हातही तग धरतं. पण टाळूला मेणचट पापुद्रा राहतो आणि फळाची चव त्याखाली दबते. घटकांत कोको बटर लिहिलेलं असेल, तेच ट्रफलला घ्यावं.

पाव किलो स्ट्रॉबेरीचा रस गाळून जाड बुडाच्या कढईत आटवत ठेवला, चार चमचे उरेपर्यंत. वाटीत काढला तेव्हा रंग पैठणीच्या काठासारखा. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट सुरीने बारीक चिरलं. अर्धी वाटी क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओतलं आणि दोन मिनिटं हात लावला नाही. काकूंना ती दोन मिनिटं फार जड गेली. मग मधोमध चमचा ठेवून हळूहळू बाहेर बाहेर ढवळत गेलो. आधी फाटल्यासारखं दिसतं, घाबरायचं नाही; थोड्या वेळाने आरशासारखं चकाकायला लागतं. त्यात कोमट स्ट्रॉबेरी आणि एक चमचा लोणी. थाळीत पसरून तीन तास फ्रिजमध्ये.

"घरची साय नसती का चालली?" काकूंनी विचारलंच. चालते, पण मिक्सरमधून फिरवून आणि गाळून. नाहीतर सायीचे धागे दाताखाली येतात. शिवाय रोजची साय विरजणाची, तिला हात लावला तर रविवारी तूप कमी भरतं. तो विषय तिथेच मिटला.

आंब्याचं पांढऱ्या चॉकलेटात केलं. त्यात कोकोचा काळा अर्क नसतो, नुसतं कोकोचं तूप, दूध नि साखर. म्हणून ते लवकर आळत नाही आणि क्रीम बरंच कमी घालावं लागतं. आधीच गोड, त्यात आटवलेला रस. चव घेतली तर गोडाने कानशिलं बसली. काकूंनी काही न बोलता त्यात अर्धं लिंबू पिळलं. तिथे आंबा जागा झाला.

वळताना मात्र काकू हरल्या. साठ वर्षं लाडू वळलेला हात, मऊ आणि कढत. लाडवाला तसाच लागतो, मिश्रण गरम असताना वळायचं असतं. इथे तळहातावर घेतला की गोळा पाघळायचा. शेवटी माठातल्या पाण्यात हात बुडवून, कोरडे पुसून, एकेक सुपारीएवढा गोळा चार वेळा फिरवून पटकन खाली ठेवायचा, असं तंत्र बसवलं. स्ट्रॉबेरीचे कोकोत लोळवले, आंब्याचे सुक्या खोबऱ्याच्या किसात. पंचवीस आणि वीस झाले. आकार असा, की कुणी विकतचे म्हणायची शक्यताच नव्हती.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वहिनी फाटकाशी. "काकू, थोडं आगळ असेल का हो? कोकमाचे ट्रफल करून बघावे म्हणते." मग जरा घुटमळून: "हळदीकुंकवाच्या वेळी पहिला घाणा माझा बिघडलाच होता. काय झालं कळलंच नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "झाकण ठेवलं होतंस का गो?"

वहिनींचा चेहराच सांगत होता.

तर तीन घरांची मिळून एवढी अक्कल जमा झालीय, ती तुम्हीही घ्या. ट्रफलं क्रीमची आणि फळाची असतात, फ्रिजमध्ये घट्ट डब्यात ठेवून आठवड्याच्या आत संपवा. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर गोळ्यांना घाम फुटतो. चॉकलेटच्या लादीवर पांढरी झाक आली तर बुरशी समजून फेकू नका. उन्हा-गारव्यात कोकोचं तूप वर आलेलं असतं, वितळवून खुशाल वापरा. आणि येत्या मे महिन्यात घरात रस आटवायला घ्याल, तेव्हा एक वाटी बाजूला काढून डीप फ्रीजरमध्ये टाका, वर चिठ्ठी लावा: संक्रांतीसाठी. काकूंची बरणी आता संपली आहे, त्यामुळे आमच्या गडग्याशी मागायला येऊन उपयोग नाही.