खाडेबहाद्दर जगज्जेता

ज्यांची हजेरीपटावर श्रद्धा आहे त्यांनी 2025च्या जागतिक रॅली अजिंक्यपदाचा निकाल वाचू नये. रक्तदाब वाढेल. वर्षभरात चौदा रॅली झाल्या. वेल्सचा एल्फिन इव्हान्स चौदाच्या चौदा रॅलींना हजर. फ्रान्सचा सेबास्तियाँ ओजिए अकराच रॅलींना आला. स्वीडन, केनिया आणि एस्टोनिया अशा तीन ठिकाणी त्याचे खाडे. दोघेही टोयोटाचेच नोकर. वर्षअखेरीचा हिशेब असा: ओजिए 293, इव्हान्स 289. खाडे करणारा जगज्जेता, आणि एकही खाडा न करणारा चार गुणांनी उपविजेता.

ओजिएने हे लपूनछपून केलेलं नाही. 2021मध्ये आठवं विजेतेपद घेतलं आणि त्याने जाहीर करून टाकलं की यापुढे पूर्ण हंगाम जमणार नाही, घरच्यांना वेळ द्यायचाय. तेव्हापासून तो सवडीने येतो, जिंकतो आणि घरी जातो. 2025मध्ये अकरापैकी दहा रॅलींत तो पहिल्या तिघांत होता, त्यांतल्या सहा जिंकल्या. जानेवारीतली माँटे कार्लो त्याने दहाव्यांदा जिंकली. ते तर त्याच्या घराजवळचंच अंगण. शेवटी नववं विजेतेपद मिळालं आणि सेबास्तियाँ लोबच्या विक्रमाशी बरोबरी झाली. लोबने 2004 ते 2012 अशी सलग नऊ वर्षं घाम गाळून जे मिळवलं, त्यातलं नववं याने रजेवर असताना मिळवलं.

आता कोणी म्हणेल, तीन रॅली बुडवूनही जिंकला म्हणजे केवढा मोठा ड्रायव्हर! मोठा आहेच. पण त्या तीन रॅली बुडवल्यामुळेही जिंकला असेल, अशी शंका घ्यायला नियमावलीने स्वतःच जागा ठेवली आहे. ही नियमावली ज्यांनी लिहिली त्यांना मेहनती माणसाबद्दल काहीतरी जुना राग असावा.

रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. मातीचा, बर्फाचा किंवा डांबरी रस्ता काही किलोमीटर बंद करतात आणि एकेक गाडी ठरावीक मिनिटांच्या अंतराने सोडतात. शेजारी बसलेला सहचालक वहीतून वळणं वाचत असतो, ड्रायव्हर त्याच्यावर विश्वास ठेवून समोर न दिसणाऱ्या वळणात गाडी घालतो. लढाई घड्याळाशी. आता प्रश्न असा की पहिला कोण निघणार? शुक्रवारी, म्हणजे रॅलीच्या पहिल्या पूर्ण दिवशी, हा मान गुणतालिकेत जो पहिला असेल त्याचा. ऐकायला सन्मानाची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात मातीच्या रस्त्यावर वर सुटी खडी पसरलेली असते. पहिली गाडी त्या खडीवरून घसरत घसरत जाते आणि जाताजाता ती बाजूला सारते. मागून येणाऱ्यांना खालची घट्ट जमीन मिळते, चाकं पकड घेतात, वेळ सुधारते. थोडक्यात, अव्वल नंबर आला की बक्षीस म्हणून हातात झाडू. सार्डिनियासारख्या ठिकाणी, जिथे वाळू आणि खडी मुबलक, तिथे हे बक्षीस फार उदारपणे मिळतं.

इव्हान्सने वर्षाची सुरुवात झोकात केली. माँटे कार्लोत दुसरा, मग स्वीडन जिंकली, केनियाची सफारी जिंकली. या शेवटच्या दोन्ही वेळी ओजिए घरी होता, त्याने टीव्हीवर पाहिलं असेल तर पाहिलं असेल. इव्हान्स गुणतालिकेत कितीतरी पुढे गेला, आणि तिथेच फसला. मे महिन्यात पोर्तुगालची माती आली, मग सार्डिनिया, मग ग्रीस, मग एस्टोनिया. चारही ठिकाणी शुक्रवारी सकाळी झाडलोट करायला इव्हान्स हजर. निकाल: सहावा, चौथा, चौथा, सहावा. दोन खाड्यांमुळे गुणतालिकेत खाली राहिलेला ओजिए मागून निघाला, झाडलेल्या रस्त्यावरून आला आणि पोर्तुगाल व सार्डिनिया दोन्ही खिशात घालून गेला. पोर्तुगालमध्ये ह्युंदाईचा ऑट टॅनाक पुढे होता, पण त्याचं पॉवर स्टीअरिंग रुसलं. ओजिएला नशीबही झाडून ठेवलेलं मिळतं.

टॅनाकचीही गंमतच झाली. एस्टोनियात, म्हणजे त्याच्याच देशात, तो दुसरा आला आणि एका गुणाने तालिकेत पहिला झाला. आनंद साजरा करेपर्यंत फिनलंड आलं. तिथे झाडू त्याच्या हातात, आणि टोयोटाच्या पाच गाड्या पहिल्या पाच क्रमांकांवर. टॅनाकची ह्युंदाई दहावी. तालिकेतलं पहिलं स्थान त्याने दोन आठवड्यांत सहर्ष परत केलं.

एवढं वाचून इव्हान्सबद्दल गळा दाटून आला असेल तर जरा आवरा. कारण या झाडूचा जगातला सर्वांत अनुभवी माणूस कोण? ओजिएच. 2013 ते 2018 अशी सहा वर्षं तो सलग जगज्जेता होता, म्हणजे त्या काळात रस्तेही बहुतेक वेळा त्यानेच झाडले. मध्यंतरी नियम करणाऱ्यांना वाटलं की हा फारच जिंकतो, म्हणून 2015मध्ये त्यांनी आघाडीवीराला शुक्रवारबरोबर शनिवारीही पुढे पाठवायला सुरुवात केली. ओजिएने वर्षानुवर्षं कुरकुर केली, जाहीर केली, मोठ्या आवाजात केली. आणि तरी जिंकला. त्यामुळे झाडूमुळे विजेतेपद गेलं असं इव्हान्स म्हणत नाही, तेच बरं. माणूस सभ्य आहे. त्याने कुणाच्या नावाने बोटं मोडल्याचं ऐकिवात नाही, आणि कदाचित हाही त्याचा एक दोषच असेल.

आता रविवारकडे वळू. पूर्वी लोक शनिवारी संध्याकाळी आघाडी घेऊन रविवारी गाडी जपून घरी आणायचे. टीव्हीवाल्यांना ते कसं परवडणार? म्हणून रविवारसाठी वेगळे गुण आले. 2024मध्ये तर शनिवारपर्यंतचे गुण वेगळे, रविवारचे वेगळे, शेवटच्या पॉवर स्टेजचे आणखी वेगळे, असा तीन रकान्यांचा ताळेबंद होता. त्यात स्वीडनला एसापेका लापी रॅली जिंकला आणि त्याला 19 गुण मिळाले. दुसऱ्या आलेल्या इव्हान्सला 24. विजेत्याला उपविजेत्यापेक्षा कमी गुण! इव्हान्सच्या बाजूने नियम उभा राहिल्याचा तो दुर्मीळ प्रसंग, म्हणून असेल, पण पुढच्या वर्षी तो नियमच बदलला. आता विजेत्याला 25, दुसऱ्याला 17, आणि वर ‘सुपर संडे’साठी पाच व पॉवर स्टेजसाठी पाच.

हे दहा गुण लक्षात ठेवा. ऑक्टोबरमध्ये मध्य युरोपीय रॅली झाली. ओजिए दोन गुणांनी पुढे होता. मध्येच तो रस्ता सोडून गेला, रॅली हातची गेली. दुसऱ्या कुठल्याही खेळात माणूस यानंतर हॉटेलवर जाऊन झोपतो. इथे गाडी दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची मुभा आहे. तो आला, रविवारचे पाच घेतले, पॉवर स्टेजचे पाच घेतले. गाडी ठोकणाऱ्याच्या खात्यात दहा गुण. वर्षअखेरचा फरक किती होता? चार. इव्हान्स त्या रॅलीत दुसरा आला होता, हे सांगायलाच नको. पॅराग्वेत दुसरा, चिलीत दुसरा, मध्य युरोपात दुसरा, जपानात दुसरा. त्यांतल्या तीन ठिकाणी पहिला कोण, हेही सांगायला नको.

शेवटचा अंक सौदी अरेबियात, जेद्दाला. पहिल्यांदाच तिथे रॅली गेली होती. इव्हान्स तीन गुणांनी पुढे, म्हणजे अर्थातच झाडू त्याच्याकडे. वाळवंट झाडायचं होतं, त्यामुळे कामाची कमतरता नव्हती. रस्त्यावर दगड इतके टोकदार की टायरांनी रांगेत उभं राहून माना टाकल्या. इव्हान्स सहावा, ओजिए तिसरा, आणि विषय संपला. रॅली बुधवार ते शनिवार होती, त्यामुळे तिथे सुपर संडे शनिवारी साजरा झाला. ज्या नियमावलीने रविवारला इतकं महत्त्व दिलं, तिला शेवटी रविवारच मिळाला नाही.

जेद्दात आणखी एक किस्सा घडला. रॅलीत प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला ठरलेल्या मिनिटाला हजेरी लावावी लागते. उशीर झाला तर मिनिटाला दहा सेकंदांचा दंड. आणि लवकर पोहोचलात तर? मिनिटाला पूर्ण एक मिनिट! ह्युंदाईचा एड्रियन फूर्मो विजयाच्या झटापटीत होता आणि तो एक मिनिट आधी पोहोचला. बसला मिनिटाचा फटका. रॅली त्याचाच सहकारी थिएरी न्यूव्हिल घेऊन गेला, फूर्मो दुसरा. लेटमार्कला भिणाऱ्या सगळ्या कारकुनांनी हा नियम फ्रेम करून टेबलावर ठेवायला हरकत नाही: उशिरा येण्यापेक्षा लवकर येणं सहापट महाग.

बिचाऱ्या फूर्मोचं वर्षच दंडाचं. फेब्रुवारीत स्वीडनला टप्पा संपल्यावर समोर माइक आला आणि आदल्या दिवशीच्या स्वतःच्याच घोळाबद्दल त्याच्या तोंडून एक शिवी गेली. शिवी स्वतःला, दंड 10,000 युरो, आणि पुन्हा तोंड सुटलं तर आणखी 20,000. चार मिनिटांपूर्वी हा गृहस्थ झाडांच्या मधून, बर्फावरून, जीव मुठीत धरून आला आहे. हेल्मेट काढायच्या आत त्याच्याकडून सुभाषिताची अपेक्षा. ड्रायव्हरांनी मग संघटना काढली. केनियात त्यांनी ठरवलं की टप्प्याच्या शेवटी एकतर गप्प राहायचं, नाहीतर आपापल्या मातृभाषेत बोलायचं. माइक धरलेल्यांची जी अवस्था झाली ती पाहण्यासारखी होती. दंड करणाऱ्या जागतिक मोटर क्रीडा संस्थेला कळेना की आता दंड करायचा तर दुभाषा कुठून आणायचा. पुढे मे महिन्यात दंडाची रक्कम निम्म्यावर आली. या संस्थेचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलेम स्वतः मध्यपूर्वेची रॅली स्पर्धा 14 वेळा जिंकलेले. खुर्चीत बसलं की माणूस आपलं तरुणपणीचं शब्दभांडार विसरतो, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

हंगामातली सर्वांत निर्मळ गोष्ट एस्टोनियात घडली, आणि तीही बदली कामगाराने घडवली. ऑलिव्हर सोलबर्ग, 2003चा जगज्जेता पेटर सोलबर्ग याचा मुलगा. 2022मध्ये ह्युंदाईने त्याला मोठ्या गाडीत बसवलं आणि वर्ष सरताच नारळ दिला. तो खालच्या वर्गात गेला, तिथेच जिंकत राहिला. ओजिए नसलेल्या एस्टोनियात टोयोटाने त्याला एका रॅलीपुरती मोठी गाडी दिली. पठ्ठ्याने रॅलीच जिंकली. तेवीस वर्षांचा पोरगा, पहिल्यांदाच त्या गाडीत, आणि मागे टॅनाक व न्यूव्हिल हे दोन जगज्जेते! रडला, वडीलही रडले, आणि पुढच्या रॅलीला तो मुकाट्याने खालच्या वर्गात परत. टोयोटाला चौदापैकी बारा रॅली का जिंकता आल्या याचं उत्तर यातच आहे: त्यांच्याकडे बदलीवर येणारे आणि रजेवर जाणारेही जिंकतात. फक्त रोज येणाऱ्याचंच काहीतरी अडतं.

तर इव्हान्स. 2020, 2021, 2023, 2024, 2025: पाच वेळा उपविजेता. 2020मध्ये तो शेवटच्या रॅलीला चौदा गुणांनी पुढे गेला होता आणि माँझाजवळच्या डोंगरात, बर्फाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर गाडी खाली गेली. बाहेर येऊन त्याने मागून येणाऱ्या ओजिएला हात करून सावध केलं होतं. ओजिए सावध झाला आणि जगज्जेताही झाला. याला चांगुलपणा म्हणायचं की काय ते ज्याने त्याने ठरवावं. मी तरी गाडीतच बसून राहिलो असतो.

आशेला जागा आहे. न्यूव्हिलही पाच वेळा दुसरा आला होता, आणि मग 2024मध्ये जगज्जेता झाला. इव्हान्सचे पाच आता भरले. शिवाय वाटही मोकळी झाली: दोन वेळचा जगज्जेता कॅले रोव्हानपेरा वयाच्या पंचविशीत रॅली सोडून जपानला सर्किटवर गाड्या फिरवायला निघाला. टॅनाकने जपानच्या रॅलीआधी सांगून टाकलं की 2026मध्ये पूर्ण हंगाम नाही, घरच्यांना वेळ द्यायचाय. कारणही ओजिएचंच, शब्दही जवळपास तेच. ओजिएला तीन खाड्यांत एक विजेतेपद मिळालं. टॅनाक तर बेमुदत रजेवर गेला, म्हणजे त्याला घरी बसून निदान चार मिळायला हवीत.