काळी दोन आणि आत्या

आमच्या खकनारच्या उपासनेत गाण्याची पट्टी पेटीवाला ठरवत नाही, आत्या ठरवते. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगतात, पेटीवाले काका भाता सोडून काळी दोनचा सूर धरतात, आणि तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून आत्या सुरूसुद्धा झालेली असते. तिची पट्टी कुठल्याच पेटीवर नाही. काळी दोन आणि पांढरी तीन यांच्यामध्ये जी फट असते, त्या फटीत ती राहते. काका दोन ओळी तिला शोधतात. सापडली नाही की भाता हलवत ठेवून बोटं वर उचलतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, वाजवताहेत. तबल्यावरचा भाचा मात्र हसू दाबतो आणि नेमका समेला चुकतो.

त्यातून आमचं गाव सरहद्दीवरचं. जिल्हा बुऱ्हाणपूर, राज्य मध्य प्रदेश, पण हाच रस्ता पुढे देडतलाईवरून धारणीला जातो, म्हणजे थेट मेळघाटात. त्यामुळे घरात मराठी, तहसील कचेरीत हिंदी आणि बाजाराच्या दिवशी कानावर कोरकू. दारात कोणी "जय मसीह की" म्हणतं, तर आत्या नगरच्या वळणाने "सलाम" करते. उपासनेत तिन्ही भाषांची गीतं होतात आणि तिथेच खरी धमाल उडते. मराठी मंडळी गीत ओढून म्हणतात, हिंदीवाले ते मध्यम लयीत नेतात आणि ढोलक घेऊन येणारे कोरकू भाऊ सुसाट सुटतात. सगळ्यांच्या ओळखीचं गीत लागलं, की त्यांचं शेवटचं कडवं संपतं तेव्हा आत्या दुसऱ्या कडव्याच्या उंबरठ्यावर असते. ते बिचारे ढोलक मांडीवर घेऊन अदबीने तिची वाट बघतात.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिची सख्खी नाती मराठी-हिंदीशी नाहीत, तिकडे झारखंडातल्या संताळी-मुंडारीशी आहेत. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने तिचं व्याकरण लिहिलं, ते 1903 साली छापून आलं. साहेबाने विभक्ती पकडली, क्रियापदं पकडली. लय त्यालाही पकडता आली नसणार. आमच्या भाच्याला अजून येत नाही.

आत्या माहेरची नगरची. आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तिला ते सांगायची हिंमत घरात कोणाची नाही. लग्नात तिने सोबत आणलेलं 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक अजून तिच्या उशाशी असतं. पुठ्ठा गेला, पानं शाबूत आहेत. त्यातल्या गीतांचे कवी रेव्हरंड टिळक यांच्याबद्दल ती अशी बोलते, जणू ते तिच्या आळीत राहायचे आणि संध्याकाळी दूध आणायला जायचे. ना. वा. टिळक 1919 साली वारले, तेव्हा हिचे आईवडीलसुद्धा जन्मले नव्हते. पण तिच्यापुढे सनावळीचं काही चालत नाही. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि पुढे 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही हकिगत ती सांगते तेव्हा मागच्या बाकावर ती स्वतः बसली होती असं वाटतं. "गाडी तुमच्याच मध्य प्रांतातली," हेही ती न विसरता ऐकवते. सासरच्या मुलखाचं तिने केलेलं कौतुक एवढंच.

तिच्या या भक्तीत तथ्य मात्र आहे. सुरुवातीच्या काळात मराठी ख्रिस्ती लोक बरीचशी भाषांतरित गीतं विलायती चालींवर म्हणत. पाहुण्याचा कोट घालून बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखे मराठी शब्द त्या चालीत अवघडून जात. ऱ्हस्व असेल तिथे लांबण लागायची आणि दीर्घाला श्वास पुरायचा नाही. नगरला कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तन आणि देशी चाली उपासनेत आणल्या. मग टिळकांनी अभंग आणि ओवी अशी सढळ हाताने वापरली की ज्याला सारेगम माहीत नाही, त्यालाही गाता यावं. आत्या हा त्या धोरणाचा जिवंत पुरावा आहे.

पेटीचंही तसंच. जन्म तिचा पॅरिसचा, पायाने भाता हाणायची. कलकत्त्यात तिला हाताचा भाता लागला, ती मांडी घालून बसायला शिकली आणि देशी झाली. आकाशवाणीला मात्र ती पसंत नव्हती. मींड निघत नाही, श्रुती धरत नाही, म्हणून 1940 साली तिच्यावर बंदी आली आणि 1971 पर्यंत राहिली. श्रुतींचा आक्षेप बरोबरच होता. आत्याची पट्टी काकांना आजवर सापडली नाही, ती त्यामुळेच.

अशात हंगामाचा सण आला. भाविक जे काही आणतील त्याचा लिलाव होतो, तो दिवस. मुलूख केळीचा, त्यामुळे घडांची रास लागली. एका काकूंनी आणलेली कोंबडी बोली चढत चढत शेवटी त्यांच्याच नवऱ्याने दुप्पट भावात सोडवली आणि घरी नेली. या उत्पन्नातून तरुणांनी कीबोर्ड घेतला, दोन स्पीकर घेतले आणि गायनमंडळाची रातोरात 'वर्शिप टीम' झाली. कीबोर्डात ठेके भरलेले, तेव्हा भाचा बेकार झाला. ट्रान्सपोजचं बटण असल्याने काकांची विद्याही निकालात निघाली. "चेक, चेक, हॅलो" हा उपासनेचा नवा आरंभमंत्र झाला. पुढे उभा राहणारा मुलगा गुणी आहे, डोळे मिटून गातो, पण एकच ओळ इतक्या वेळा घोळवतो की आत्याने एकदा शेजारणीला, अख्ख्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पुढचं कडवं नाही का पाठ त्याला?"

आणि एका रविवारी, ऐन ध्रुपदात, वीज गेली.

कीबोर्ड मुका झाला, स्पीकर मुके झाले. त्याचं काही नाही, वीज आमच्याकडे जातच असते. पण त्या क्षणी कळलं की मंडळीतलं कोणीच गात नव्हतं. ओठ हलत होते, टाळ्या पडत होत्या, गात होते फक्त स्पीकर. आवाज एकटा शिल्लक होता तो आत्याचा, त्या फटीतला. वीज गेल्याचा तिला पत्ताच नव्हता. मग ओशाळून एकेकाने सूर मिळवला, म्हणजे ज्याला जो मिळाला तो. काकांनी कोपऱ्यातली पेटी झटकली. भाच्याचे हात शिवशिवत होतेच.

तशी उपासना रविवारी दीड तासात आटोपते, पण गाणं आठवडाभर फिरत असतं. आजाऱ्याच्या खाटेशी, नव्या घरात, मयताच्या रात्री. तिथे कीबोर्ड कोण नेणार? पेटी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून कुठेही येते. मागे एका मयताच्या रात्री भाचा खंडव्याला लग्नाला गेलेला. शेजारचे एक वारकरी गृहस्थ, मुक्ताईनगरची वारी न चुकवणारे, आपणहून पखवाज घेऊन आले. तालमीचा प्रश्नच नव्हता. पहिली ओळ कानावर पडताच त्यांनी भजनी ठेका धरला आणि पहाटेपर्यंत सोडला नाही. आत्याची पट्टीही त्यांनी निमूट सोसली. निघताना एवढंच म्हणाले, "बाईंचा आवाज खणखणीत आहे." सूर हा शब्द त्यांनी शिताफीने टाळला.

सध्या वर्शिप टीमची नवी मागणी आली आहे: आणखी मोठे स्पीकर आणि वीज गेली तरी ते बंद पडू नयेत म्हणून इन्व्हर्टर. पंचकमिटीपुढे विषय येईल तेव्हा माझं मत विरोधात पडेल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. तुम्ही यंदा आमच्या हंगामाच्या सणाला जरूर या, केळीच्या घडावर चढी बोली लावा, काकूंची कोंबडीही घ्या. फक्त पावतीवर तेवढं 'स्पीकर सोडून कशासाठीही' असं लिहून घ्या.