वजनकाट्यावरची वीरश्री

अलास्कातील अफोग्नाक बेटावरचे एल्क, म्हणजे सांबराच्या कुळातले परंतु त्याहून बरेच थोराड हरिण, १९२९ साली वॉशिंग्टन राज्यातून आणून सोडलेल्या ८ पाडसांचे वंशज असून, त्यांच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघाला, की शहरी नवशिक्याच्या अंगात वीरश्री संचारते. त्याची पहिली गाठ मात्र वजनकाट्याशी पडते. कारण पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचा वैमानिक सामानाबरोबर प्रवाशाचेही वजन धरतो, आणि ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब करत टूथब्रशची दांडीसुद्धा कापणाऱ्या या वीराचा स्वतःच्या पोटाचा घेर तेवढा हिशेबातून सुटलेला असतो. अस्वलांसाठी तंबूभोवती लावायचे विजेचे कुंपण, मांस भरायच्या हवेशीर पिशव्या आणि धुक्यामुळे विमान न आल्यास पुरेल असा जादा शिधा घेणे भाग असले, तरी शिंगांसोबतच्या छायाचित्रासाठी लागणारा ट्रायपॉड (नशीब, तो एकच असतो) सर्वांत आधी भरला जातो. कायद्याला ही हौस ठाऊक असावी. कारण खाण्याजोगे सारे मांस रानाबाहेर काढल्याखेरीज, किंवा निदान त्याच्या शेवटच्या खेपेसोबत असल्याखेरीज, शिंगे हलवता येत नाहीत, आणि एवढ्या धिप्पाड जनावराच्या बाबतीत याचा व्यवहारातील अर्थ, ओल्या, झाडोऱ्याने माजलेल्या उतारावरून पाठीवर ओझे घेऊन घातलेल्या अनेक खेपा, असा होतो.