अनिच्छुक

त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचं नसतं. हे त्याने स्वतःच सांगितलेलं असतं, आणि तेही एकदा नव्हे. जो भेटेल त्याला तोंडी, जो भेटणार नाही त्याला पत्राने. पत्र अर्थातच खाजगी असतं. ते छापून आलं की सगळ्यात जास्त धक्का त्यालाच बसतो.

आपल्याकडे निवडणूक आली की गल्लोगल्ली ‘इच्छुक’ उगवतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत दर चार वर्षांनी ‘अनिच्छुक’ उगवायचे. तिथला संकेतच तसा होता: पदाने माणसाला शोधत यावं, माणसाने पदामागे धावू नये. पायंडा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा. त्यांना खरोखरच शेतावर परत जायचं होतं. पुढच्यांना फक्त तसं दिसायचं होतं. जुन्या काळच्या बैठकीत नवरदेव कसा मान खाली घालून सतरंजीचे धागे मोजत बसायचा. देण्याघेण्याचं मामा-काका बोलायचे, आणि याचे कान मात्र प्रत्येक आकड्याला टवकारलेले. अनिच्छुकाचं तसंच. बाशिंग गुडघ्याला केव्हाच बांधून झालेलं; वरून पाटलोण चढवली की झालं.

पक्षाचं अधिवेशन दूरच्या शहरात भरतं. तिथे त्याने जायचं नसतं. निवड झाली की काही दिवसांनी एक शिष्टमंडळ त्याच्या दारात येऊन गंभीरपणे कळवतं की, महाशय, आपण आमचे उमेदवार आहात. त्यावर त्याने भारावून जायचं. १८६० साली असं शिष्टमंडळ स्प्रिंगफील्डला अब्राहम लिंकन यांच्या घरी गेलं, तेव्हा त्यांनी पाहुण्यांना गार पाणी पाजलं. १८९६ साली विल्यम मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी घरात बसून, टेलिफोनच्या तारेवरून, सेंट लुइसच्या सभागृहात स्वतःच्या नावाने चाललेला जयघोष ऐकत होते. तरी काही दिवसांनी शिष्टमंडळ आलंच, आणि बातमी कळवलीच. रीत म्हणजे रीत.

अनिच्छुकांच्या मुख्य जाती चार.

पहिली जात मौनी. विल्यम हेन्री हॅरिसन, १८४० सालचे व्हिग पक्षाचे उमेदवार, म्हातारे सेनापती. विरोधकांच्या एका वर्तमानपत्राने टोमणा मारला, की या गृहस्थांना एक पेन्शन आणि सफरचंदाच्या दारूचं एक पिंप द्या, ते आपल्या लाकडी खोपटात सुखाने पडून राहतील. व्हिगांनी तो टोमणा जमिनीवर पडूसुद्धा दिला नाही. लगेच लाकडी खोपट हेच मोहिमेचं चिन्ह झालं. मिरवणुकीत चाकांवरची खोपटी आली, पिंपं आली, गाणी आली. हॅरिसन व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यात जन्मलेले आणि ओहायोत ऐसपैस घरात राहणारे, ही गोष्ट सांगायला कुणाला फुरसत राहिली नाही. उलट प्रतिस्पर्धी व्हॅन ब्यूरन सोन्याच्या चमच्याने जेवतात, असा बोभाटा झाला. ते खाणावळवाल्याच्या घरी जन्मले होते. पण सोन्याच्या चमच्याची गोष्ट ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतो?

धोरणाचा प्रश्न विचारणारी पत्रं आली, की हॅरिसन यांच्या वतीने एक समितीच उत्तरं द्यायची. उत्तर एवढंच, की सेनापतींची मतं आधीच जाहीर आहेत. विरोधक त्यांना ‘जनरल गप्प’ म्हणू लागले. त्यावर मात्र म्हाताऱ्याचा संयम सुटला, आणि उमेदवाराने स्वतः सभेत बोलण्याचा प्रमाद त्यांनी केला. निवडून आल्यावर तर कसर भरून काढली: ४ मार्च १८४१ रोजी, गार हवेत, ओव्हरकोट न घालता, जवळजवळ पावणेदोन तासांचं शपथविधीचं भाषण. बरोबर महिन्याने ते वारले. भाषणाने गेले की कशाने, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. पण मौनी लोकांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला असावा.

दुसरी जात आईला भेटायला निघालेली. १८६० साली लिंकन घरी गप्प बसले होते. बोलायचं ते पूर्वीच छापलंय, वाचा, असं सांगत होते. त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांना गप्प बसणं हा शारीरिक त्रास होता. पण संकेताचं काय करायचं? त्यांनी तोड काढली. न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्जला आई राहते, तिला भेटून यावं. आईला भेटायला जाणाऱ्या मुलाला कोण अडवणार? मात्र आईकडे जायची वाट न्यू इंग्लंडची राज्यं फिरून जात होती. प्रत्येक स्टेशनावर योगायोगाने गर्दी जमत होती, आणि गर्दी जमलीच आहे तर चार शब्द बोलणं भाग पडत होतं. जुलैत निघालेलं लेकरू सप्टेंबरात आईच्या दारात पोचलं. मधल्या काळात विरोधकांनी चक्क ‘मुलगा हरवला आहे’ अशी पत्रकं काढली. उंची कमी, घेर उंचीएवढाच, बोलतो फार, आई काळजीत आहे, अमक्या गावी कालवांच्या मेजवानीत शेवटचा दिसला.

पण डग्लस यांची गंमत इथेच संपत नाही. ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनिया आणि इंडियाना इथल्या राज्यपातळीवरच्या निवडणुकांचे निकाल आले आणि आपण हरणार हे त्यांना कळून चुकलं. तेव्हा त्यांनी आई, नातेवाईक, सगळ्या सबबी सोडल्या आणि थेट दक्षिणेत गेले. मत मला देऊ नका वाटलं तर, पण देश फोडू नका, हे सांगायला. निकालाच्या रात्री ते अलाबामात, मोबिल शहरात होते. पद हातचं गेल्यावर त्यांना पहिल्यांदा उघडपणे बोलता आलं.

तिसरी जात रडवी. हिचा आदर्श होरेशिओ सेमूर. १८६८ साली न्यूयॉर्कला भरलेल्या डेमोक्रॅट अधिवेशनाचे हे अध्यक्ष. त्यांचं नाव कुणी घेतलं की व्यासपीठावरून नको म्हणायचे. मतदानाच्या एकवीस फेऱ्या झाल्या, निकाल लागेना. बाविसाव्या फेरीत सगळ्यांनी मिळून नको म्हणणाऱ्यालाच घोड्यावर बसवलं. सेमूर यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी कीव करा, असं त्यांनी मित्राला सांगितलं म्हणतात. जनतेने ती केली आणि प्रतिस्पर्धी ग्रँट यांना निवडून दिलं.

गारफिल्ड यांचा प्रसंग याहून सरस. १८८० साली ते शिकागोला रिपब्लिकन अधिवेशनात गेले होते जॉन शेर्मन यांचं नाव सुचवायला. छत्तिसाव्या फेरीत निवड झाली गारफिल्ड यांचीच. त्याआधी त्यांच्या नावाला मतं पडू लागली तेव्हा ते हरकत घ्यायला उठले होते: माझ्या संमतीशिवाय मला मत देण्याचा कुणाला अधिकार नाही! अध्यक्षांनी हरकत फेटाळून त्यांना खाली बसवलं. हा माणूस आणखी एखादं वाक्य बोलला तर खरंच सुटेल, अशी भीती आपल्याला वाटत होती, असं त्या अध्यक्षांनी पुढे सांगितलं.

चौथी जात ओसरीवरची. आणि कलेचा कळस तोच. युक्ती साधी. आपण लोकांकडे जायचं नाही ना? मग लोकांनी यावं. गारफिल्ड यांच्या ओहायोतल्या मेंटर गावच्या घराच्या ओसरीवर ही सुरुवात झाली. १८८८ साली बेंजामिन हॅरिसन यांनी इंडियानापोलिसला ती वाढवली. भाविकांनी आठवण म्हणून त्यांचं कुंपण उपटून नेलं. हे बेंजामिन आपल्या मौनी हॅरिसन यांचे नातू.

१८९६ साली मॅकिन्ली यांच्यापुढे विल्यम जेनिंग्ज ब्रायन होते. वय ३६, आवाज मैदानभर पोचणारा. त्यांनी संकेत सरळ खिडकीबाहेर फेकला आणि आगगाडीत बसले. १८,००० मैल, सहाशेच्या आसपास भाषणं. मॅकिन्ली यांचे सूत्रधार, क्लीव्हलंडचे उद्योगपती मार्क हॅना, घाबरले. म्हणाले, आपणही निघू या. मॅकिन्ली यांचा हिशोब पक्का होता. मी खास गाडी केली तर ब्रायन झोपायच्या डब्यातून जातील; मी त्या डब्यात गेलो तर ते बाकड्यावर बसून जातील; मी बाकड्यावर बसलो तर ते मालगाडीतून जातील. या शर्यतीत उतरायचंच नाही.

मग कँटनच्या ओसरीवर देश आला. रेल्वे कंपन्यांनी भाडं इतकं उतरवलं, की घरी राहण्यापेक्षा कँटनला जाणं स्वस्त, असा विनोद झाला. जेमतेम तीस हजार वस्तीच्या गावात जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सुमारे साडेसात लाख माणसं येऊन गेली. रविवारी मात्र बंद. त्या दिवशी मॅकिन्ली यांना देव असायचा. एरवी पोलादवाले, शेतकरी, सायकलवाले, स्टेशनावरून वाजतगाजत यायचे. पुढारी बोलायचा. तो काय बोलणार हे मॅकिन्ली यांनी आधीच मागवून, वाचून, दुरुस्त करून ठेवलेलं असायचं. तरी ऐकताना चेहरा असा, की जणू आत्ताच कळतंय. मग उत्तरादाखल भाषण, मग हस्तांदोलन, मग पुढची गाडी. हिरवळीची माती झाली, कुंपण गेलं, ओसरीच्या जिवावर बेतलं. इकडे हॅना यांच्या कचेऱ्यांतून वीस कोटींच्या वर पत्रकं बाहेर पडली, निरनिराळ्या भाषांत. त्या वर्षी मत देणारे होते दीड कोटीच्या आत. मोहिमेचा खर्च सुमारे पस्तीस लाख डॉलर. घरी बसण्याचा एवढा खर्च त्याआधी कुणाला आला नव्हता.

निकाल २७१ विरुद्ध १७६. पद मिळावं असं उघड म्हणणारे ब्रायन हरले; पुढे १९०० आणि १९०८ साली पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले.

आता तुम्ही विचाराल, वॉशिंग्टन यांच्यानंतर खरोखरच नको असलेला कुणी होता का? एक होता. सेनापती विल्यम टेकमसे शेर्मन, ज्यांच्यासाठी गारफिल्ड शिकागोला गेले होते त्या जॉन यांचे भाऊ. १८८४ साली रिपब्लिकनांनी त्यांना गळ घातली तेव्हा त्यांनी कळवलं, की उमेदवारी दिलीत तर घेणार नाही आणि निवडून दिलंत तर काम करणार नाही. ओसरी नाही, समिती नाही, अश्रू नाहीत. पक्षाला ते एका वाक्यात समजलं. उमेदवारी ब्लेन नावाच्या दुसऱ्या गृहस्थांना मिळाली आणि शेर्मन यांच्या दारात बातमी कळवायला कुणीही गेलं नाही.