दारुभेदक यंत्राचे सिलिंडरांतर

प्रारंभीच एक खुलासा. शीर्षकातला ‘दारु’ ऱ्हस्व उकाराचा, संस्कृत, आणि लाकूड या अर्थाचा आहे. दीर्घ उकाराच्या ओढीने आलेल्या वाचकांनी इथूनच परत फिरावं. ओंडके फोडणारं जे यंत्र अमेरिकेत लॉग स्प्लिटर म्हणून ओळखलं जातं, त्याचा निकामी हायड्रॉलिक सिलिंडर काढून नवा बसवणे, एवढाच या प्रबंधाचा विषय. या विषयावर मराठीत काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव अद्याप कोणाला जाणवलेलीही नाही, त्यामुळे ती भरून काढणं अधिकच अगत्याचं ठरतं.

क्षेत्र : न्यू हॅम्पशायरमधलं अक्काचं परसदार. काळ : ऑक्टोबर. तिथे घर लाकडाच्या शेगडीवर तापतं आणि लाकूड ‘कॉर्ड’ने मोजतात. 4 फूट रुंद, 4 फूट उंच, 8 फूट लांब अशी रास म्हणजे एक कॉर्ड, 128 घनफूट. दाजींनी निम्मं लाकूड फोडून रचलं होतं. उरलेला अर्धा कॉर्ड ओंडक्यांच्या रूपात पडून होता. शेजारी मेपलचा एक जाडजूड ठोकळा. त्यावर अक्का शेगडी पेटवायच्या ढलप्या फोडते. ठोकळ्याचा उल्लेख तूर्त स्थळवर्णनापुरताच.

पूर्वसूरींत पहिला मान विष्णुशर्म्याचा. पंचतंत्राच्या मित्रभेदात एक वानर अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसतो आणि सुतारांनी फटीत मारून ठेवलेली खैराची पाचर उपटतो. फट मिटते, वानर संपतो. मराठी शाळांत त्याची शेपटी अडकते. संस्कृतात जे अडकतं ते शेपटीच्या शेजारचं आहे. हा पाठभेद कोणत्या संकोचातून आला, हे सांगायला भाष्यकार नको. आपल्या कामाचं आहे ते त्यातून निघणारं सूत्र : फोडणं सोपं, सोडवणं अवघड. पुढचा मजकूर म्हणजे या सूत्रावरचं भाष्य.

दुसरे पूर्वसूरी जोसेफ ब्रामा, इंग्लंडातले कुलूपवाले. 1778 मध्ये संडासाच्या सुधारणेचं पेटंट घेऊन 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेणारा माणूस कोणत्याही वाङ्मयात आदरणीयच म्हणावा लागेल. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्काल सतराव्या शतकातच सांगून गेला होता. अडचण तत्त्वाची नव्हती, गळतीची होती. दट्ट्याभोवतीच्या फटीतून पाणी निसटायचं. त्यावर चामड्याची अशी वाटी बसवली की पाणी जितकं रेटेल तितकी ती घट्ट बसावी. याचं श्रेय ब्रामांच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला देतात. आज चामड्याच्या जागी पॉलियुरेथेन आहे, वाटीचा स्वभाव तोच. आणि हेच ब्रामा 1814 च्या डिसेंबरात, हॅम्पशायरमधल्या होल्ट फॉरेस्टमध्ये, हायड्रॉलिक प्रेसने झाडं मुळासकट उपटण्याच्या कामावर देखरेख करताना सर्दी होऊन न्यूमोनियाने गेले. जुन्या हॅम्पशायरातली ही गोष्ट नव्या हॅम्पशायरात बसून मी दाजींना सांगितली.

दाजी म्हणाले, “पाव्हणं, कानटोपी घाला.”

आता प्रत्यक्ष व्याधी. एल्मचा एक ओंडका होता. एल्मचे तंतू वेणीसारखे गुंतलेले असतात. पाचर चार बोटं आत गेली आणि थबकली. इंजिन गुरगुरत राहिलं. रॉड सिलिंडरच्या तोंडातून बाहेर येतो तिथून तेलाचा ओघळ लागला होता. रॉडवरचं क्रोम पापडी उडाल्यासारखं निघालं होतं आणि एक ओरखडा तर बोट फिरवल्यावर नखाला अडकत होता.

इथे दोन दर्शनं उभी राहतात. पहिलं सीलवाद. याचे आचार्य शेजारचे सत्तरीतले गृहस्थ. त्यांचं म्हणणं, देह तोच ठेवा, सील किट बदला, पैसे वाचतील. दुसरं सिलिंडरवाद, आचार्य दाजी. त्यांचा युक्तिवाद असा की ओरखडलेला रॉड रंध्यासारखा नवं सील तासत बसेल आणि पुढच्या ऑक्टोबरात आपण पुन्हा इथेच उकिडवे असू. तरी निर्णय प्रमाणाने व्हावा म्हणून परीक्षा घेतली. रॉड पूर्ण बाहेर काढला, इंजिन बंद करून दाब उतरवला, रॉडच्या बाजूचा होज सोडून त्याचं तोंड बंद केलं आणि सिलिंडरच्या उघड्या भोकाखाली बादली ठेवली. मग इंजिन चालू करून दांडा पुन्हा बाहेरच्याच दिशेने ढकलला. दट्ट्याचं सील शाबूत असेल तर इथून तेल येण्याचं कारण नाही. आलं, आणि चांगलं करंगळीएवढ्या धारेनं आलं. बादलीत पाहून आचार्य शेजारी गप्प झाले. सिलिंडरवाद सिद्ध झाला.

नवा मागवण्यासाठी मापं घेताना एक उपप्रश्न निघाला, तो मूळ प्रश्नाहून रसाळ आहे. यंत्रावर स्टिकर आहे : 25 टन. सिलिंडरचा आतला व्यास 4 इंच. म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ 12.57 चौरस इंच. दाब 3,000 पीएसआय धरला तर जोर होतो सुमारे 37,700 पौंड. टन तीन प्रकारचे : अमेरिकन 2,000 पौंडांचा, इंग्लिश 2,240 पौंडांचा आणि मेट्रिक 1,000 किलोचा. त्यातला सर्वांत हलका अमेरिकन टन घेतला तरी हिशेब 19 च्याही आतच राहतो. 25 गाठायला जवळजवळ 4,000 पीएसआय हवा, आणि हे यंत्र तितक्या दाबासाठी बनवलेलंच नाही. मग वरचे सहा टन कुठले? माझी उपपत्ती अशी की टनाचा चौथा प्रकार अस्तित्वात आहे, आणि तो फक्त स्टिकरवर तोलता येतो. दाजींची उपपत्ती छापण्याजोगी नाही.

यानंतर ग्रंथाचा गाभा, म्हणजे पिन.

सिलिंडर यंत्राला धरून ठेवते ती इंचभर जाडीची एक लोखंडी पिन. तिची कोटरपिन पकडीने सरळ करून ओढली, क्षणात निघाली. पिन स्वतः मात्र कितीतरी पावसाळे आणि बर्फ खाऊन भोकाशी एकजीव झाली होती. 37,000 पौंडांनी ओंडके उभे चिरणारं यंत्र, पण त्याच्याच अंगातली इंचभर पिन काढायला ते उपयोगाचं नाही. दिवस पहिला : गंज सोडवणाऱ्या तेलाचे फवारे आणि हातोडा. दिवस दुसरा : तेच, मोठ्या हातोड्याने. गॅसची ज्योत लावावी असं मी सुचवलं, तेव्हा तेलाने माखलेल्या होजकडे नुसतं बोट दाखवून दाजींनी माझी सूचना फेटाळली. या सगळ्या वेळात मागून ठक्क, ठक्क असा कुऱ्हाडीचा आवाज येत होता. तो अभ्यासकक्षेबाहेरचा असल्याने त्याची नोंद ठेवली नाही.

तिसऱ्या दिवशी पराभूत सीलवादी मोठा पाइप पाना घेऊन आले. म्हणाले, उपटू नका, आधी फिरवा. पिनेच्या डोक्यावर पाना चढवला, पान्याच्या दांड्यात नळी घातली आणि आम्ही दोघं नळीला लोंबकळलो. आधी नुसतं करकरलं. मग पिनेच्या कडेने गेरूसारख्या पुडीची एक बारीक रेघ बाहेर आली. पिन फिरली होती. किती? मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो तेवढी. तेवढं पुरे होतं. उलट, सुलट, फवारा, पुन्हा उलट. मग मागून पहारीचा तुकडा लावून ठोकली आणि पिन पायाशी पडली. दाजींनी ती उचलून पुसली आणि खिशात घातली. नंतरही ती कोणाला दिली नाही.

बसवण्याच्या विधीत मजकूर थोडा. नव्याचा व्यास, स्ट्रोक, मिटल्यावरची लांबी आणि पिनेचं भोक या चारांपैकी एक जरी चुकलं तर खोकं आलं तसंच परत जातं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. पातळ सीलंट लावायचं. नव्या पिनेला सढळ हाताने ग्रीस फासायचं, हे आता सांगायला नको. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून, हात फिरवून कधीच नाही. एवढ्या दाबाखाली सुईएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि माणसाला तातडीने ऑपरेशन टेबलावर जावं लागतं. या एका वाक्यापुरता प्रबंध विनोदी नाही.

तेलाच्या पातळीवरून मात्र थोडा वेदान्त झाला. 24 इंचांचा रॉड बाहेर जाताना सिलिंडर जवळपास पाच लिटर तेल पितो आणि परत येताना चारच घेतो, कारण दुसऱ्या बाजूला पावणेदोन इंची रॉडनेच लिटरभर जागा अडवलेली असते. म्हणून यंत्र जातं सावकाश, परततं झपाट्याने, आणि म्हणूनच टाकीतली पातळी रॉड आत असताना बघायची. रॉड बाहेर ठेवून मी ती बघितली, एक लिटर कमी म्हणून भरलं, रॉड आत घेतला, आणि ते लिटर टाकीच्या झाकणातून दाजींच्या बुटावर आलं. घट आणि घटाकाश यांतला भेद त्यांनी मला त्यानंतर मोजक्या शब्दांत समजावला.

हवा निघावी म्हणून रॉड पाच-सहा वेळा रिकामाच आत-बाहेर केला. फेसाळलेलं तेल निवळलं. गळती नाही, थरथर नाही. अकराव्या दिवशी दुपारी तीन वाजता यंत्र परीक्षेला सज्ज झालं.

“आणा त्यो एल्म,” दाजी म्हणाले.

एल्म नव्हता. ओंडकेच नव्हते. घराच्या भिंतीलगत छातीएवढी रास रचलेली होती, वर ताडपत्री, ताडपत्रीवर चार विटा. अकरा दिवस रोज सकाळी चहा झाला की अक्का तासभर कुऱ्हाड चालवत होती. तो एल्मसुद्धा तिने मधोमध न फोडता कडेकडेने सोलून काढला होता.

शास्त्राला प्रयोग तर हवा. आम्ही दोघांनी सगळं परसदार पालथं घातलं. मग दाजींची नजर मेपलच्या ठोकळ्यावर गेली. तो उचलायला दोघं लागलो. पाचर त्याला टेकली, इंजिनचा आवाज खाली उतरला, एक कर्र झाली आणि ठोकळा दुभंगून दोन्ही बाजूंना पडला. आतलं लाकूड तुपाच्या रंगाचं होतं. दाजींनी घड्याळ बघितलं. सात सेकंद.

अक्का दारात आली. दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“आता ढलप्या मी कशावर फोडू?”