चित्रगोधडीचा व्हिडिओ : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : जुनी सुती लुगडी तीन-चार, सुया, दोऱ्याची रिळं, एक फोन, फोन बांधायला सुतळी, कापडाची म्हणून वेगळी ठेवलेली आणि म्हणूनच दुधाच्या पिशव्या कापून बोथट झालेली कात्री, आणि एक आजी. आजी आपली नसेल तर शेजारची चालते. मात्र तिला गोधडी शिवता येते याची आधी खात्री करून घ्यावी. हल्ली बऱ्याच आज्यांना फक्त व्हॉट्सअ‍ॅप येतं.

लुगडी धुऊन धुऊन मऊ पडलेलीच घ्यावीत. नायलॉनच्या साड्या फोनमध्ये चमकतात म्हणून मोह होतो, पण त्यांचे थर एकमेकांवरून सटकतात. लाल खण लावायचा असेल तर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघावा. रंग उतरला तर तो गोधडीतून बाद. व्हिडिओत मात्र तो जरूर घ्यावा, कारण या सगळ्या उद्योगात मिनिटभरात घडणारी आणि नजरेला दिसणारी एवढी एकच गोष्ट आहे.

चित्र कोणतं हा पुढचा प्रश्न. नवशिक्याला पहिल्यांदा गणपतीच सुचतो. आजी तो तत्काळ नामंजूर करते, कारण गोधडीला पाय लागतात. ‘पांघरायचीच आहे, अंथरायची नाही’ ही सबब चालत नाही; लोळता लोळता डोक्याकडची बाजू पायाशी कधी जाते ते झोपणाऱ्याला कळत नाही. मग तडजोड म्हणून हत्ती ठरतो. हत्तीला मोदक, उंदीर किंवा तुटका दात देऊ नये. घरात कोणी ‘सोंड उजवी की डावी?’ असं विचारलं, की तो हत्ती हातचा गेला असं समजावं.

आता फोन. गोधडी जमिनीवर पसरतात, म्हणून फोन वरून बांधावा. पंखा बंद ठेवावा, नाहीतर कातरलेले कान आणि शेपट्या कोचाखाली जातात. हत्ती कागदावर काढून घ्यावा, कागद कापडावर ठेवावा आणि चारी बाजूंनी पाव इंच जास्त सोडून कापड कापावं. ती पाव इंचाची कड आत दुमडून कच्च्या टाक्याने धरायची असते. पाठीच्या बाहेरच्या गोलाईला ती बारीक चुण्या घेत निमूट बसते. सोंडेच्या आतल्या वळणाला बसत नाही, ताणते. तिथे कात्रीच्या टोकाने जवळजवळ छेद द्यावे लागतात आणि प्रत्येक छेद दुमडीच्या रेषेच्या जरा अलीकडेच थांबवावा लागतो. अर्धा दोरा पुढे गेला तरी सोंड उसवते. प्रेक्षकाने बघायलाच हवी अशी जागा हीच. आणि नेमकं इथेच आजी नीट दिसावं म्हणून खाली वाकते आणि पुढची सहा मिनिटं फक्त तिचा अंबाडा चित्रित होतो.

सांगण्याची बाजू आणखी अवघड. ‘आजी, टाका किती अंतरावर घालायचा?’ याचं उत्तर ‘हे एवढ्यावर’ असं येतं. पट्टी पुढे केली तर ती पट्टी कापड दाबायला वापरते. टाक्यांची चौकशी लवकर आटपावी हे बरं, कारण विचारायचं ते वेगळंच असतं.

अमेरिकेतल्या जॉर्जियात १८३७ साली गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने बायबलमधले प्रसंग कापड कातरून रजईवर बसवले. १८८६ मध्ये अथेन्स गावच्या जत्रेत ती रजई एका चित्रकार बाईंना आवडली, पण हॅरिएट विकेना. पुढे १८९१ मध्ये घरची ओढाताण झाली तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाचांवर रजई दिली. देताना एकेका चित्रात काय आहे ते सांगितलं आणि घेणाऱ्या बाईंनी ते टिपून ठेवलं. रजई आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. देवादिकांना तिथे कोणाचे पाय लागत नाहीत. टाका किती अंतरावर घातला हे ती रजई बघून आजही मोजता येईल; चित्रातलं काय ते हॅरिएटने सांगितलं नसतं तर तर्कच करत बसावं लागलं असतं.

तेव्हा आजीला विचारावं, हत्तीचा कान कुणाच्या लुगड्याचा. इथे फोनची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. कान थोरल्या जाऊबाईंच्या इरकलीचा निघतो, पाय बारशाला आलेल्या लुगड्याचे, आणि पोटासाठी कापलेलं पातळ आत्याचं, ते तिला न विचारता. आत्या शेजारच्या खोलीतच असते. पुढचं संभाषण व्हिडिओतून काढून टाकावं, पण पुसू नये.

मग थर लावून धावदोरा. गोधडी कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत शिवतात आणि थर धरून राहायचे तर टाके सगळीकडे हवेत. हत्तीच्या तोंडावरून मात्र फेरी नेली तर त्याला देवी आल्यागत दिसतं. म्हणून त्याच्या कडेकडेने फिरावं, पोट मोठं असेल तर आत एक झूल टाक्यांनीच काढावी. याला काही आठवडे लागतात. तेवढ्यात आजीचं पातळ रोज बदलतं, त्यामुळे व्हिडिओत एकच टाका घालायला सात बायका बसल्यासारख्या दिसतात. त्याला इलाज नाही.

धुण्याचा प्रसंग गच्चीवर घ्यावा. भिजलेली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात आणि फोन धरायला तिसरं. तिसरं माणूस शेजारून बोलवावं. ते येताना आपली जुनी लुगडी बोचक्यात बांधून आणेल, आणि त्याला हत्ती नको असेल, मोर हवा असेल.