जिंबारनला मासे खाऊन निराश कसे व्हावे (नवशिक्यांसाठी)

बालीत जाऊन मासळीने निराश होणं मराठी माणसाला वाटतं तितकं सोपं नाही. कल्ले उचलून बघायची सवय असते, पोट दाबून बघायची असते, आणि कोळणीशी हुज्जत घालून वर दोन बांगडे जास्तीचे पाडून घ्यायचीही असते. हे सगळं शहाणपण सामानाबरोबर चेक-इन करून टाकावं. जिंबारनच्या किनाऱ्यावर ते हाताशी असलं की घात होतो.

हॉटेल कसं निवडायचं? निवडायचंच नाही. गाडीवाल्याला म्हणावं, "तूच ने कुठेतरी चांगल्या ठिकाणी." तो नेतो. गिऱ्हाईक आणल्याचं त्याचं कमिशन बरेचदा ठरलेलं असतं आणि ते आपल्याच माशातून निघतं. पण पाहुण्याने इतक्या खोलात जाऊ नये.

वेळ सूर्यास्ताचीच गाठावी. बाली विषुववृत्ताजवळ असल्याने बारा महिने सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान बुडतो, त्यामुळे यच्चयावत टुरिस्ट बसगाड्या एकदमच येऊन थडकतात. वाळूत पहिल्या रांगेतलं टेबल मिळालं की निम्मं काम झालं. आचारी आता लांब आहे.

मासा पसंत करायला आत जावं लागतं. बर्फावर तांबोशी दिसते, माकूल, कोळंबी, तिसऱ्या दिसतात आणि क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं. सावध! पोरगा तांबोशी पाणी निथळत्या टोपलीसकट काट्यावर ठेवेल, तेव्हा समुद्राकडे बघावं. भाव किलोचा की शंभर ग्रॅमचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे विचारणारा निराश होत नाही, नुसता भांडतो. शिवाय तिथली रक्कम लाखांत बोलतात. एका रुपयाला पावणेदोनशे-दोनशे रुपिया पडतात, तेव्हा भागाकार करता करता माणूस "ओके, ओके" म्हणून मोकळा होतो.

एक गोष्ट मान्य करायला हवी. नारळाच्या सोडणांवर भाजलेला मासा, वर कच्चा कांदा, गवती चहा नि मिरचीचं सांबाल माताह, हा प्रकार मुळात झकास आहे. तो बिघडायला गर्दीच लागते. आमच्या टेबलावर आलेल्या तांबोशीचं कातडं पापडासारखं मोडत होतं, काट्याजवळ मांस गुलाबी होतं, आणि दोन्हींवर गोड सोया सॉस असा थापलेला की कुठे करपलंय ते कळू नये. एव्हाना अंधार पडलेला असतो. एका हातात मोबाइलचा दिवा धरून दुसऱ्या हाताने काटे काढायचे, हे कौशल्य सरावाने येतं. नेमके तेव्हाच गिटारवाले येतात. 'कुछ कुछ होता है'चं इंडोनेशियात अजून वेड आहे. काटा घशाशी असतानाही मान डोलवावी.

सोबत कुणी शाकाहारी असेल तर त्याला प्लेचिंग कांगकुंग मागवून द्यावं. म्हणजे नाळीची भाजी. दिसायला अगदी सोज्वळ. तिच्यावरच्या तिखटात तेरासी असते, कोळंबीची आंबवलेली पेस्ट. वासावरून जवळा ओळखणारा तो एकटाच निघतो, आणि तोही दोन घास खाल्ल्यावर.

बिल. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन अधिकचिन्हं असतात, ती आता वाचायची. १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्या बेरजेवर १० टक्के कर, म्हणजे मिळून २१.

या अभ्यासक्रमात एकच धोका आहे. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, विमानतळाच्या धावपट्टीकडे, केदोंगाननचा मासळीबाजार आहे. तिथे मासा स्वतः हाताळून घेता येतो, घासाघीस चालते, आणि शेजारचे टपरीवाले किलोमागे पैसे घेऊन भाजून देतात. तिकडे चुकूनही फिरकू नये. पोटभर जेवण होतं आणि परतल्यावर सांगायला काही उरत नाही.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकताना ताट कापावं, सूर्य ठेवावा.